मोबाइल वापरणारे नव्हे, घडविणारे व्हा
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मोबाइलने मुले बिघडली, ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. ती अगदीच खोटी नाही. परंतु मोबाइल हा खिशात मावणारा संगणक आहे आणि त्याच्याकडून हवे ते काम करवून घेण्याची विद्या शिकता येते, हे आपण विसरतो. फोन हिसकावून घेण्यापेक्षा ही विद्या मुलांच्या हाती द्यावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

या विद्येशी आपले नाते जुने आहे. नवव्या शतकात बगदाद येथे मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी हे थोर गणिती होऊन गेले. संगणकाला क्रमाने सांगावयाच्या कृतीस 'अल्गोरिदम' म्हणतात. तो शब्द त्यांच्याच नावावरून आला. मात्र पूर्वजांच्या अभिमानावर कोणी परीक्षा उत्तीर्ण होत नाही!

आपला गोंदिया जिल्हा धानाचा. तेव्हा उदाहरणही धानाचेच घेऊ. 1250 किलो धान आहे आणि एका कट्ट्यात 40 किलो भरावयाचे आहे. भागाकार येतो 31.25. पण पाव कट्टा कोठून आणणार? 31 कट्टे भरून 10 किलो उरते, म्हणून बारदाना 32 कट्ट्यांचा हवा. यंत्राला हे आपोआप कळत नाही. 'बाकी उरल्यास एक कट्टा वाढव' असे सांगावे लागते. वजनाची जागा कोणी रिकामी ठेवली तर काय, हेही आधीच ठरवावे लागते. हेच प्रोग्रामिंग होय.

त्यानंतर येते रचना. भर उन्हात काट्याजवळ उभ्या शेतकऱ्याला अक्षरे दिसतील काय? बटण अंगठ्याने सहज दाबता येईल काय? उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून पडद्याची मांडणीही उलटावी लागते. अँड्रॉइडमध्ये 2012 साली आलेल्या 4.2 आवृत्तीपासून तशी सोय आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारा आपला विद्यार्थी ही गरज इतरांआधी ओळखील.

यासाठी महागड्या क्लासनेच सुरुवात करावी असे नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे 'ॲप इन्व्हेंटर' मोफत आहे. त्यात संगणकाच्या पडद्यावर ठोकळे जोडून ॲप तयार करता येते आणि लगेच फोनवर पाहता येते. हात बसला की 'अँड्रॉइड स्टुडिओ' घ्यावा व कोटलिन भाषा शिकावी. तेही मोफत आहे. घरी संगणक नसेल तर शाळेच्या संगणक कक्षाचा उपयोग करावा.

राजस्थानातील अलवरचे शिक्षक इमरान खान यांनी पुस्तके व इंटरनेट यांच्या आधारे स्वतः शिकून विद्यार्थ्यांसाठी 50 हून अधिक शैक्षणिक ॲप तयार केले. 2015 साली पंतप्रधानांनी लंडनमधील भाषणात त्यांचा उल्लेख केला.

पालकहो, एक कळकळीची विनंती. घरात एकच फोन असेल तर तो केवळ मुलाचा समजू नका. मुलीलाही तिचा तास द्या. ही विद्या मुलगा-मुलगी असा भेद जाणत नाही, आपणच तो करतो. आणि दर आठवड्याला 'फोनवर काय पाहिलेस?' एवढेच न विचारता 'काय बनविलेस?' असेही विचारा.

विद्यार्थ्यांनो, पुढच्या मेळाव्यापर्यंत आपल्या घरातील एक हिशेब सोडविणारे एक छोटे ॲप प्रत्येकाने करून आणावे. अल्लाह आपणां सर्वांना इल्मची दौलत देवो.

खुदा हाफिज.