चळवळीचे दप्तर



गोदातीरावरील या नांदेड नगरीत, लातूरहून एवढ्या संख्येने आलेल्या तरुण लेखकांसमोर, मला आपल्या प्रांतातील तरुण चळवळींच्या दौर्बल्याविषयी बोलावयाचे आहे, आणि ते त्यांच्याविषयीच्या ममत्वापोटीच.

लातूर जेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत होते, त्या १९७४ साली परभणीहून उठलेले विद्यार्थ्यांचे मराठवाडा विकास आंदोलन पाहता पाहता पाचही जिल्ह्यांत पसरले. वसमतेस पोलिसांच्या गोळीबारात तरुणांचे बळी गेले. नोकऱ्या, सिंचन, ब्रॉडगेज रेल्वे या मागण्या सर्वथैव न्याय्य होत्या. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च आणि नोकऱ्यांत वाटा देण्याचे वचन १९५३ च्या नागपूर करारानेच दिलेले होते. ज्यांच्या पाठीशी ना पक्ष ना पैसा, अशा मुलांनी तो करार राज्यकर्त्यांसमोर पुन्हा उघडून धरला, हे त्यांचे ऋण मी प्रथम मान्य करतो.

परंतु मोर्चा कचेरीवर पोहोचतो, निवेदन दिले जाते, त्यावर आवक-शिक्का उमटतो, क्रमांक पडतो, ते मिसलीस लागते. आणि ज्यांनी ते रात्र जागून लिहिले, त्यांच्यापाशी मात्र बहुधा त्याची नक्कलही उरत नाही. अधिकारी बदलले तरी सरकारचे दप्तर टिकते. आपले कार्यकर्ते परीक्षा देऊन, नोकरीस लागून पांगले की चळवळीची स्मृतीही त्यांच्याबरोबर पांगते. मराठवाड्याच्या विकासाचा अनुशेष किती, हे रुपयांच्या आकड्यांत मांडले गेले ते आंदोलनानंतर दहा वर्षांनी, १९८४ साली, सरकारनेच नेमलेल्या दांडेकर समितीच्या अहवालात. जो हिशेब वादीने दाव्यासोबत दाखल करावयाचा, तो आपण प्रतिवादीवर सोपविला होता.

याहूनही खोल उणीव वेगळी आहे, आणि ती सांगताना माझा कंठ जड होतो. सरकारला विचारावयाचे प्रश्न आपण लिहिले. मराठवाडा म्हणजे कोण, हा प्रश्न आपण आपल्याला विचारला नाही. म्हणून २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा, म्हणजेच नामांतराचा, ठराव विधिमंडळात संमत होताच, विकासासाठी एकत्र आलेल्यांपैकी अनेकजण, त्यांत वंदनीय ज्येष्ठही होते, विरोधात उभे राहिले. आणि याच नांदेड जिल्ह्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या, टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. ज्याच्याजवळ जमिनीचा तुकडा नाही, त्याला पाटबंधाऱ्याच्या मागणीत कोणते स्थान होते, याची चर्चा एखाद्या तरी बैठकीत आधी झाली असती, तर इतक्या अल्पकाळात इतके मोठे अंतर पडले नसते, असे माझे मत आहे.

तोच दोष पुढे जिल्ह्या-जिल्ह्यांत उतरला. २००९ साली महसूल आयुक्तालय नांदेडला की लातूरला, या वादात दोन्हीकडची तरुण शक्ती एकमेकांविरुद्ध खर्ची पडली, आणि आयुक्तालय कोणासच लाभले नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या तहानेवर नांदेडात किती मोर्चे निघाले?

म्हणून या संमेलनापुढे माझी एकच सूचना आहे. दोन्ही जिल्ह्यांतील लेखकांनी प्रत्येक तालुक्यातील जुन्या आंदोलनांची निवेदने, हस्तपत्रके, बैठकांची टिपणे आणि ज्यांना त्या बैठकांस बोलावलेच नव्हते त्यांच्या जबान्या जमवाव्यात, त्यांचे एक सार्वजनिक दप्तर उभारावे, आणि त्याची किल्ली कोणत्याही पक्षाच्या हाती देऊ नये.