बिलासाठी दिलेला नंबर

आज ग्राहकांना पाठवायच्या एसएमएसबद्दल बोलायचं आहे. विषय किरकोळ वाटेल, पण माझ्या पुतण्याला तो ऐन दिवाळीत महागात पडला.

इंदूरला त्याचं मिठाई-फरसाणाचं दुकान आहे. फौजेतून निवृत्त झाल्यापासून त्याची कागदपत्रं मी बघतो. गेल्या दिवाळीआधी त्याने बिलांवरचे हजारभर नंबर उतरवून काढले आणि स्वतःच्याच सिमवरून सवलतीचा संदेश धाडला. काही दिवसांत त्याच्या नावावरच्या सगळ्या सिमची आउटगोइंग बंद झाली, पंधरा दिवसांसाठी. कारागीर, दूधवाला, ऑर्डरचे ग्राहक, कुणालाच फोन लागेना. मला म्हणाला, "काका, मी कुणाला फसवलं तरी का?"

फसवलं नव्हतं. पण विचारलंही नव्हतं.

ट्रायचे व्यावसायिक संदेशांचे नियम २०१८चे आहेत. फेब्रुवारी २०२५मध्ये ते आणखी कडक झाले. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, तरी कारवाई होऊ शकते. पहिल्या वेळी पंधरा दिवस आउटगोइंग बंद. पुन्हा तेच केलं तर सगळ्या कंपन्यांची जोडणी वर्षभर तोडली जाते. ग्राहकाने डीएनडी घेतलेलं नसलं तरी तो १९०९वर सात दिवसांच्या आत तक्रार करू शकतो.

मग योग्य रस्ता कोणता? मोबाइल कंपन्यांची डीएलटी पोर्टल्स आहेत. तिथे व्यवसायाची नोंदणी करायची, संदेश कोणत्या नावाने जाणार ते हेडर घ्यायचं आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. रक्कम, तारीख अशा बदलत्या गोष्टींपुरती त्यात मोकळी जागा असते. संदेशात लिंक असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. साच्यात न बसणारा संदेश वाटेतच अडतो. ८ मार्च २०२१ला ही तपासणी सुरू झाली, तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. बँकांची ही गत, तर आपण सणाच्या आदल्या दिवशी नोंदणीला बसून कसं चालेल?

आता हेडरच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येतं. पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. 'तुमची ऑर्डर तयार आहे' ही सेवा. त्याच्याच शेपटाला 'काजूकतलीवर दहा टक्के सूट' जोडलंत की ती जाहिरात झाली. असे दोन संदेश वेगळेच ठेवा.

कुणी म्हणेल, आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ट्रायचे हे नियम तिथे लागू नाहीत, हे खरं. पण डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ तिथेही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. नंबर कशासाठी घेतो ते ग्राहकाला स्पष्ट सांगायचं आणि त्याच कामाला वापरायचा. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. ही माहिती मराठीतून मागण्याचा हक्कही ग्राहकाला आहे, मग दुकान बडोद्यात असो की बेळगावात.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. जुनी यादी बाजूला ठेवली. डीएलटीची नोंदणी केली. गल्ल्याजवळ एक वही ठेवली. तिच्यात दोन रकाने आहेत : 'ऑर्डरची खबर' आणि 'सवलतीची खबर'. ग्राहक स्वतः खूण करतो आणि तारीख घालतो. नको म्हणाला की त्याच दिवशी नाव कमी होतं. हजारांतले तीनशेच उरले. पुतण्या आधी हिरमुसला होता. पण हे तीनशे जण संदेश उघडतात आणि तक्रार करत नाहीत.

ग्राहकाने बिलासाठी नंबर दिला, तो आपल्याकडे ठेव म्हणून असतो. ठेवीला हात लावायचा तर मालकाला विचारून. तुमच्या दुकानाची यादी आज रात्री उघडा आणि प्रत्येक नावापुढे एवढंच विचारा : याने मला हो कधी म्हटलं होतं?

जय हिंद.