न्हाणीघरातील पांढरे डाग

छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या नाथसागराचे पाणी येते. ते पुरत नाही तेथे कूपनलिकेचा आधार घेतला जातो. त्या जड पाण्यातील क्षारांचा पांढरा थर नळांवर, टाइल्सवर बसतो. हा थर चुन्याचा. ब्लीचने तो हटत नाही. लिंबाची फोड घासून अर्धा तास ठेवावी, अथवा चिंचेचा कोळ लावावा, म्हणजे सुटतो. शहाबादी फरशीला मात्र आंबट लावू नये, तीही चुनखडीचीच! तिला रिठ्याचे पाणी पुरे. ब्लीचमध्ये लिंबू वा ॲसिड कदापि मिसळू नये. निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात जिवावर बेततो. घरात अतिसाराचा रुग्ण असल्यास ब्लीचच वापरावे, पण केवळ पाण्यात कालवून, खिडकी उघडी ठेवून.