मूत्रपिंडरोपणानंतरची साखर



आमची शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रे वाचून आणि माणसांची गाऱ्हाणी ऐकून झाले. तेव्हा वैद्यकातल्या विषयावर आम्ही बोलावे, हे कोणाला धाडसाचे वाटेल. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि ती आम्हीच सांगितली पाहिजे.

आमच्या एका सभासदाला त्याच्या पत्नीने आपले मूत्रपिंड दिले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पूर्वी मधुमेह नसलेल्या या माणसाच्या रक्तातली साखर दोन महिन्यांत वाढली. तो कचेरीत येऊन म्हणाला, "भाऊ, औषधानंच साखर झालीय म्हणतात." आम्ही ताडकन बोललो, "मग असलं औषध घ्यायचंच कशाला?" त्याने आमचा शब्द मानला आणि गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत शरीर नव्या मूत्रपिंडावर उलटले. ते वाचवण्यासाठी स्टिरॉइडचे मोठे डोस द्यावे लागले, आणि साखर आणखी चढली. मूत्रपिंड वाचले. त्याची पत्नी आम्हाला एवढेच म्हणाली, "भाऊ, किडनी माझ्या अंगातली होती. एक शब्द मला तरी विचारायचा."

त्या दिवसापासून आम्ही वाचू लागलो आणि डॉक्टरांना विचारू लागलो. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडरोपण यशस्वी केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. म्हणून तेथे शरीराने परकेपणा मानला नाही. इतरांना मात्र हा विरोध दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात. त्यांपैकी टॅक्रोलिमस हे १९८४ साली जपानमधील त्सुकुबा येथल्या मातीतील जंतूपासून मिळाले. ते मूत्रपिंड राखते. पण स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटू लागते. स्टिरॉइडमुळे यकृत जास्त साखर सोडते आणि स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. शिवाय चांगले मूत्रपिंड इन्सुलिनचा निचराही भराभर करते, त्यामुळे त्याची गरज वाढते. वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. म्हणून साखर आवरायची, पण गोळी सोडायची नाही.

यात एक फसगत आहे. स्टिरॉइडची गोळी बहुधा सकाळी घेतात. तिचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो. उपाशीपोटीची साखर चांगली निघते आणि माणूस निर्धास्त होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणीसुद्धा सुरुवातीला दगा देते, कारण रुग्णाला रक्त चढवलेले असते किंवा त्याला पंडुरोग असतो. म्हणून दुपारच्या जेवणानंतरची आणि संध्याकाळची साखर पाहणे अगत्याचे.

पुढे स्टिरॉइड कमी होत जाते. तेव्हा डॉक्टरांच्या सांगण्याने इन्सुलिनही कमी करावे लागते. तसे न झाल्यास साखर एकदम उतरते. हात कापतात, घाम फुटतो. ती ७० च्या खाली आली, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आणखी एक: पपनस खाऊ नये. त्याने टॅक्रोलिमसचे रक्तातले प्रमाण वाढते.

आता आमच्या कामाकडे येतो. हा माणूस दुसऱ्या पाळीत रुजू झाला. संध्याकाळी बोट टोचायचे, तर यंत्र सोडायला परवानगी नाही आणि हात धुवायला स्वच्छ जागा नाही. जेवणाची सुट्टी कधी आठला, कधी साडेनऊला. इन्सुलिन घेऊन जेवण लांबले, तर यंत्रावरच चक्कर यायची. आम्ही मालकाकडे तीन गोष्टी मागितल्या: तपासणीसाठी दहा मिनिटे, एक स्वच्छ कोपरा आणि जेवणाची ठरलेली वेळ. तीन बैठकांनंतर त्या मिळाल्या.

मित्रहो, तीस वर्षे आम्ही मागण्या मांडल्या. पण एवढी लहान मागणी मांडायला आम्हाला सर्वांत जास्त शिकावे लागले. औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम आहे. ते वेळेवर घेता यावे म्हणून भांडणे हे आमचे आहे. आपल्या शेजारी, कारखान्यात असा कोणी असेल, तर त्याला सल्ला देऊ नका. त्याची संध्याकाळची तपासणी झाली का, एवढे विचारा.