निवड परीक्षा आणि शाळेची वही



या मालिकेसाठी फोन आला तेव्हा मला वाटलं, सीमेवरचे अनुभव सांगा म्हणतील. निवृत्त फौजी दिसला की लोकांना तेच ऐकायचं असतं. पण आजचा विषय मीच मागून घेतलाय. निवृत्तीनंतर आम्ही इंदूरजवळ महूला स्थायिक झालो, आणि तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी आईवडील माझ्या व्हरांड्यात येऊन बसतात. "सर, मुलाला सैनिक स्कूलच्या परीक्षेला बसवतोय. शाळेकडे जरा दुर्लक्ष झालं तर चालेल ना?" कधी सैनिक स्कूलच्या जागी नवोदय असतं, कधी देहरादूनचं आरआयएमसी. पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोनवर ज्ञानप्रबोधिनी नाहीतर होमी भाभा म्हणतात. नावं बदलतात, प्रश्न तोच असतो.

मी शिक्षक नाही, मानसशास्त्रज्ञ तर नाहीच. पण नोकरीतली काही वर्षं मी एका सर्व्हिस सिलेक्शन बोर्डावर जीटीओ होतो, म्हणजे उमेदवारांना मैदानात फळ्या, दोर आणि ड्रम देऊन गटाने अडथळे पार करायला लावणारा आणि बाजूला उभं राहून बघणारा अधिकारी. माणसं निवडण्याचं काम मी पगार घेऊन केलंय. त्यामुळे निवड परीक्षा आतून कशी दिसते ते थोडंफार ठाऊक आहे.

आतून ती अशी दिसते. निवडणाऱ्याकडे ठरावीक जागा असतात आणि दारात त्याच्या कितीतरी पट माणसं. कुणाला घ्यायचं, एवढाच त्याचा प्रश्न. परीक्षा त्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी रचलेली असते. दाराबाहेर राहिलेल्याचं पुढे काय करायचं, तो कुठे कमी पडला, त्याला काय शिकवायला हवं, हे सांगणं तिचं कामच नाही. बोर्डावर शेवटच्या दिवशी निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले जातात. बाकीच्यांनी नंबर काढून ठेवायचा, सामान उचलायचं आणि स्टेशन गाठायचं. कारण सांगितलं जात नाही. मी स्वतः पहिल्या खेपेला असाच ट्रंक घेऊन परत आलो होतो, दुसऱ्या खेपेला निवडला गेलो. सहा महिन्यांत माझ्यात काही क्रांती झाली नव्हती.

शाळेची परीक्षा वेगळा प्रश्न विचारते. जे शिकवलं ते या मुलाला आलं का? तिथे जागा मर्यादित नाहीत. सगळा वर्ग पास झाला तरी कुणाचं नुकसान नाही. आता तुम्ही म्हणाल, शाळेच्या परीक्षेत काय राम राहिलाय, गाईडमधलं पाठ केलं की ९० टक्के पडतात. खरंय. गुणपत्रिकेवर माझाही फार विश्वास नाही. मी बोलतोय ते वहीबद्दल. ते पुढे सांगतो.

आधी माझी चूक.

मी बोर्डावर होतो त्याच काळात माझा मुलगा सातवीत होता. मी ठरवलं, याला आरआयएमसीला पाठवायचं. १९२२ साली सुरू झालेली ही संस्था, आठवीला प्रवेश, वर्षातून दोनदा परीक्षा, आणि एका खेपेला साऱ्या देशातून घेतात ती मुलं एका वर्गात मावतील एवढीच. इंग्रजी, गणित, सामान्यज्ञान असे तीन पेपर आणि मग तोंडी. मी घरात वेळापत्रक लावलं. पहाटे पाच ते सात गणित, संध्याकाळी सामान्यज्ञान, रविवारी सराव पेपर. जवळजवळ दीड वर्ष. त्याचं क्रिकेट बंद, चित्रकलेचा क्लास बंद. आमची ही एकदा म्हणाली, "अहो, तो हल्ली शाळेतलं काहीच सांगत नाही." मी म्हटलं, शाळा काय, होतच असते.

त्याची निवड झाली नाही.

ज्या आठवड्यात निकाल कळला, त्याच आठवड्यात मी बोर्डावर परत जाणाऱ्या मुलांसमोर उभं राहून म्हणालो होतो, "तुम्ही आज निवडले गेला नाहीत म्हणजे तुम्ही कमी आहात असं नाही." हे वाक्य मी शंभरदा तरी म्हटलं असेल. घरी आलो आणि मुलाशी चार दिवस नीट बोललो नाही. रागावलो नाही, ओरडलो नाही. नुसता गप्प बसलो. बारा वर्षांच्या पोराला त्याचा अर्थ बरोबर कळतो.

पुष्कळ वर्षांनी, तो नोकरीला लागल्यावर, जेवता जेवता सहज म्हणाला, "बाबा, त्या वर्षी तुम्ही माझ्या प्रगतिपुस्तकावर सही केलीत, पण उघडून बघितलं नव्हतंत." मला आठवतही नव्हतं. त्या वर्षी तो इतिहास आणि मराठीत वर्गात पहिला आला होता. वर्गशिक्षिकांनी शेरा लिहिला होता की मुलगा निबंध फार चांगले लिहितो, त्याला वाचायला पुस्तकं द्या. तो शेरा मी वाचला तेव्हा मुलगा सत्तावीस वर्षांचा होता.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. महूजवळच्या एका गावात आमच्याच पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, बायको इकडची, गावात किराण्याचं दुकान आहे. त्यांची मुलगी पाचवीत. दिवाळीनंतर ते आले आणि म्हणाले, "साहेब, पोरीला शाळेतून काढतो. म्हणजे नाव राहील पटावर, पण ती दिवसभर क्लासला जाईल. जानेवारीत नवोदयची परीक्षा आहे."

त्यांना उडवून लावता येत नव्हतं. नवोदय ही साधी बाब नाही. १९८६ च्या शिक्षण धोरणाबरोबर या शाळा आल्या. जिल्ह्यात साधारण एक, सहावीला जास्तीत जास्त ८० मुलं, त्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी, एकतृतीयांश मुलींसाठी. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सरकारचं. आणि सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. शहरातल्या नोकरदाराच्या मुलाची एखादी प्रज्ञाशोध परीक्षा हुकली तर भिंतीवर एक प्रमाणपत्र कमी लागतं. या मुलीच्या बाबतीत बारावीपर्यंतच्या शिक्षणाचा आणि वसतिगृहाचा प्रश्न होता. म्हणून मी दर वेळी पहिलं हेच विचारतो, की या परीक्षेच्या पलीकडे नेमकं काय मिळणार आहे? जागा मिळणार आहे की नुसती कौतुकाची थाप?

दुसऱ्या बाजूला, मध्य प्रदेशात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर घेतात. ती येते नवोदयच्या परीक्षेनंतर लगेच. म्हणजे जानेवारीपर्यंत मुलगी शाळेत गेलीच नाही, तर तिथे घसरणार.

मी म्हटलं, तिचे पेपर आणि तिची शाळेची वही, दोन्ही घेऊन या.

नवोदयचा पेपर दोन तासांचा, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ४० प्रश्न आकृत्यांचे. वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा ओळखा, अर्धवट चौकट पुरी करा. मग २० प्रश्न अंकगणिताचे आणि २० भाषेचे. सगळे पर्यायी, उत्तर ओएमआर शीटवर गोल रंगवून द्यायचं. क्लासच्या सराव पेपरात मुलीला ८० पैकी ६१ बरोबर. वडील खूश. अंकगणितात २० पैकी १३, तेही वाईट नाही.

मग मी वही उघडली. अर्धा अधिक एकतृतीयांश. मुलीने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, १/२ + १/३ = २/५. वर वर, खाली खाली, बेरीज केलेली. पान उलटलं, तसंच. शाळेतल्या बाईंनी लाल पेनाने गोल करून लिहिलं होतं, "समान छेद?" पुढच्या पानावर मुलगी गैरहजर.

मी तिला विचारलं, मग क्लासच्या पेपरात हाच प्रश्न बरोबर कसा आला? ती अगदी निरागसपणे म्हणाली, "काका, तिकडे सर सांगतात, खालच्या दोन आकड्यांचा गुणाकार ज्या पर्यायात खाली असेल त्याच्यावर खूण करायची."

त्या क्लासवाल्याला मी दोष देत नाही. त्याचं काम गोल रंगवून घेण्याचं. पण बघा, ओएमआर शीटवर तो गोल काळा दिसत होता, म्हणजे बरोबर. पोरीला अपूर्णांक येत नाही हे त्या शीटला कधीच कळलं नसतं. ते कळलं चार आण्याच्या लाल पेनाला. (चार आणे आता राहिले नाहीत, पण आमच्या पिढीची जीभ वळत नाही.)

मी घरातून एक पोळी मागवली. अर्धी तोडून तिच्या हातात दिली. "ही अर्धी. यात आणखी एकतृतीयांश पोळी घातली. आता तुझ्याकडे अर्धीपेक्षा जास्त की कमी?" जास्त, म्हणाली. "आणि पाचातले दोन तुकडे म्हणजे अर्धीपेक्षा जास्त की कमी?" ती थांबली, बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मग स्वतःच हसायला लागली. त्या हसण्यानंतर तिला फार शिकवावं लागलं नाही.

हवालदारांना मी एवढंच सांगितलं की शाळा सोडवू नका. आकृत्यांचा सराव रोज पाऊण तास पुरे. त्यात एका मर्यादेपर्यंत वेग वाढतो, मग वाढायचा थांबतो. हे मी बोर्डावर पहिल्या दिवशीच्या बुद्धिमत्ता चाचणीतही पाहिलंय. गठ्ठेच्या गठ्ठे पेपर सोडवून आलेला आणि पाच-सहा सोडवून आलेला यांत फरक फार नसायचा. अंकगणित आणि भाषा मात्र शाळेच्याच पुस्तकातली आहेत. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षाही ३०० गुणांची, त्यातले १५० गुण गणिताचे. तिथेही अपूर्णांक चुकवून चालत नाही. म्हणजे शाळा की निवड परीक्षा, हे भांडण आपण मानतो तेवढं मोठं नाही. मोठं असतं ते फक्त वेळापत्रकात. आणि वेळापत्रक बापाने केलेलं असतं, हे मी माझ्यावरून सांगतो.

ते एकदम तयार झाले नाहीत. म्हणाले, "साहेब, तुम्हाला बोलायला सोपं आहे. आम्हाला एकच चान्स आहे." त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. मी सांगितलं, चान्स द्याच. तारखेला तिला मी स्वतः केंद्रावर सोडतो. पण तोपर्यंत दर शनिवारी तिची वही तुम्ही बघायची. गुण नाही बघायचे. लाल पेन कुठे कुठे लागलंय ते बघायचं.

डिसेंबरभर मुलगी सकाळी शाळेत आणि संध्याकाळी तासभर क्लासला गेली. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर आईबापांची जत्रा होती. कुणी नारळ फोडत होतं, कुणी शेवटच्या मिनिटापर्यंत सामान्यज्ञान विचारत होतं. सामान्यज्ञान त्या पेपरात नसतंच, पण ते कोण सांगणार. पोरगी बाहेर आली आणि म्हणाली, "काका, अपूर्णांकाचं आलं होतं. पोळी आठवली."

निकाल लागला. यादीत तिचं नाव नव्हतं.

हवालदारांनी दोन दिवस दुकान उघडलं नाही. मी गेलो, बसलो, चहा घेतला. नववीला रिकाम्या जागांसाठी नवोदयची वेगळी परीक्षा असते, सैनिक स्कूललाही नववीत प्रवेश आहे, हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मुलगी आत भांडी लावत होती, भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच येत होता. निघताना मी त्यांना बाजूला घेऊन माझ्या त्या चार दिवसांच्या गप्प बसण्याची गोष्ट सांगितली. आपल्या हवालदाराला अशी गोष्ट सांगणं अधिकाऱ्याला सोपं नसतं. ते काही बोलले नाहीत.

पाचवीच्या वार्षिक परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी मुलगी सायकलवरून आमच्याकडे आली. हातात गुणपत्रिका. गणितात ८१, हिंदीत ९२. मी विचारलं, "बाबांनी बघितलं?"

"हो. नीट बघितलं," ती म्हणाली. "आणि मग गणिताचे एकोणीस कुठे गेले म्हणून माझी वही मागितली."