कडी झाळली की दागिना

आजीच्या पुतळ्यांची माळ लहानपणी मी मांडीवर घेऊन मोजत असे. पातळ चकत्या, त्यांवर उभ्या आकृत्या आणि वर इवलीशी कडी. ही पुतळी मुळात नाणे, हे मला फार उशिरा कळले. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट व्यापारातून इकडे आले. त्यांवरच्या आकृत्या पाहून आपल्या लोकांनी त्यांना पुतळ्या म्हटले, आणि सोनाराने कडी झाळून त्या गळ्यात घातल्या. नाणे आणि दागिना यांत आपल्याकडे अंतर काय ते एवढेच, एका कडीचे!

सरकारला मात्र हे अंतर फार मोठे वाटले. १९६२ चे चीन युद्ध, परकीय चलनाची चणचण, चोरट्या मार्गाने येणारे सोने अशा अडचणींत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आणले. अंगावरचे दागिने ठेवा, पण लगड, बिस्किट, नाणे असे जे दागिना नाही ते सरकारला कळवा, असा हुकूम झाला. नवा दागिना चौदा कॅरटच्या वर घडवायचा नाही, हेही ठरले.

चौदा कॅरट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोने. बाकी तांबे, चांदी वगैरे. सोनाराचा हात बसलेला तो बावीस कॅरटच्या मऊ सोन्यावर. हे नवे सोने कडक आणि रंगाला उणे. गिऱ्हाईक म्हणे, असले सोने लेकीला काय घालायचे? शेगडी थंड पडली, फुंकणी कोनाड्यात गेली. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. चौदा कॅरटची अट १९६६ मध्ये गेली. पण १९६८ मध्ये नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच झाला. त्याने लगड-बिस्किट घरात ठेवण्यावर बंदी घातली, आणि सोनाराजवळच्या कच्च्या सोन्याला मर्यादा आली.

सोन्याची हौस काही आटली नाही. चोरटा व्यापार मात्र फोफावला. शेवटी १९९० मध्ये, राजापूरचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना, हा कायदा रद्द झाला.

तरी नाण्यावरची सरकारची वक्रदृष्टी सुटली नव्हती. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा सोन्याच्या नाण्यांची आयात बंद झाली. २०१५ च्या फेब्रुवारीत ती खुली झाली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने स्वतःचेच सोन्याचे नाणे बाजारात आणले! एका बाजूला अशोकचक्र, दुसऱ्या बाजूला गांधीजी.

परदेशी चलन वाचवायची सरकारची काळजी खोटी नव्हती. पण साठवण कोणती आणि शृंगार कोणता, हे कायद्याने ठरवायला घेतले, तिथे गाडे अडले. आजीच्या माळेत दोन्ही एकत्रच ओवलेले होते. अडीअडचणीला त्यातली एक पुतळी निघे, आणि माळ तेवढी आखूड होई.

आमच्या शेजारच्या वहिनी परवा सरकारचे असेच एक पाकिटात मोहोरबंद केलेले नाणे घेऊन सोनाराकडे गेल्या. तो म्हणाला, “वहिनी, पाकीट फोडू नका, मोडताना भाव कमी येईल.”

वहिनी म्हणाल्या, “न फोडता कडी कुठे लावाल?”