पट्ट्याचे पिल्लू कोणाचे?



आज आम्ही तुम्हांला एका कोंबडीची हकीकत सांगणार आहोत. हसू नका. त्या कोंबडीपायी एका गरीब बाईवर चोरीचा आळ आला होता.

आमचे गाव जिंतूर तालुक्यातले. आमच्या गल्लीत एक म्हातारी राहते. तिच्याजवळ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोंबडी आहे. तशी कोंबडी गल्लीत दुसरी नाही. पलीकडच्या घरात एक विधवा बाई राहते. ती मजुरीला जाते, आणि अंडी विकून तेल-मीठ आणते. तिने खुडूक कोंबडीखाली अकरा अंडी बसवली. एकवीस दिवसांनी नऊ पिल्ले निघाली. त्यांतले एक काळे होते. त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका होता. पुढे त्याला पिसे फुटली, तीही पट्ट्यापट्ट्यांची.

म्हातारीने ते पाहिले मात्र! भर गल्लीत ओरडली, "माझ्याच कोंबडीचं अंडं चोरलंस गं!"

बाई रडत आमच्याकडे आली. "गुरुजी, लेकराची शपथ, मी कुणाच्या खुराड्यात हात घातला नाही." एकदा चोर नाव पडले की तिला कामाला कोण बोलावणार?

आम्ही मॅट्रिक शिकलेले. कोंबडीचा रंग आमच्या पुस्तकात नव्हता. म्हणून आम्ही परभणीला जाऊन एका पशुवैद्यांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते असे.

आईबापांचे गुण लेकरांत उतरतात, हे आपण जाणतोच. पण ते कसे उतरतात? मेंडेल नावाच्या एका ख्रिस्ती साधूने मठाच्या बागेत वाटाणे लावून त्याचा हिशोब शोधला, आणि १८६५ साली लोकांपुढे मांडला. कोंबड्यांनाही तोच हिशोब लागू पडतो, हे इंग्लंडात बेटसन यांनी १९०२ साली दाखवले.

आता पट्ट्याचे पाहा. पट्ट्याची कोंबडी आपला पट्टा फक्त नर पिल्लांना देते. मादी पिल्लांना देत नाही. पट्ट्याचा कोंबडा मात्र नरालाही देतो आणि मादीलाही देतो. असे का? कोंबड्यांत नर होणार की मादी, हे आईकडून ठरते. माणसांत ते बापाकडून ठरते. (मुली झाल्या म्हणून सुनेला बोलणाऱ्या सासवांनी हे नीट ऐकावे.)

आम्ही गल्लीत येऊन सांगितले, "थांबा. हे पिल्लू नर की मादी, ते आधी कळू द्या. मादी निघाली, तर तिचा पट्टा म्हातारीच्या कोंबडीचा नव्हे. तो बापाचा." म्हातारी म्हणाली, "गल्लीत कोंबडे दोन. एक तांबडा, एक काळा. पट्ट्याचा बाप आभाळातून आला का?" प्रश्न खरा होता. आम्हांला उत्तर देता आले नाही.

सहा महिने गेले. त्या पिल्लाची चांगली तलंग झाली, आणि एके सकाळी तिने अंडे घातले!

मग बाप कोण, याचा शोध सुरू झाला. तेव्हा एका शेतकऱ्याला आठवले. त्याने पाहुण्यांसाठी बाजारातून पट्ट्याचा कोंबडा आणला होता. तो आठवडाभर गल्लीत मोकळा फिरला, मग कापला. बाईने अंडी जमवायला सुरुवात केली ती त्यानंतर चार दिवसांनी. कोणी म्हणाले, "मेलेला कोंबडा बाप कसा होईल?" होतो. कोंबड्याची गाठ पडल्यावर दहा-बारा दिवस, कधी त्याहूनही जास्त, कोंबडी फळती अंडी घालते. कोंबडा कापला तरी त्याची पिल्ले मागून निघतात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. रंगावरून सगळेच कळत नाही. त्या अंड्याची आई कोणती, हे पट्टा सांगत नाही. पांढऱ्या पक्ष्याच्या अंगात तर दुसरा रंग लपून राहू शकतो. पण ज्या पट्ट्यावरून चोरीचा आळ घेतला, तो पट्टा म्हातारीच्या कोंबडीचा नव्हता, एवढे ठरले.

म्हातारी दोन दिवस घराबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिने नातवाच्या हाती त्या बाईकडे तांब्याभर ताक पाठवले.